मास्तरला आवतन

खोली बघायला गेले तेव्हा मावशींनी मला अंगणात उभं केलं, मागे जाऊन माझा खांदा दोन बोटांनी चाचपला आणि समोर येऊन म्हणाल्या, "दात दाव."

तोवर मी बऱ्याच घरमालकांना तोंड दिलं होतं. लग्न झालंय का, मटण शिजवणार का, पाहुणे किती येतात, या प्रश्नांची उत्तरं मला पाठ होती. दात कुणी मागितले नव्हते. मी गोंधळून तोंड उघडलं. मावशींनी आत डोकावून पाहिलं, "बरी हायेस," म्हणाल्या आणि खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. बाकीचं सगळं नंतर त्यांच्या मुलाने बघितलं. बाजारात बैल पारखतात तो असाच, खांद्यावरून काम आणि दातांवरून वय, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मला राग आला होता. पण आता सांगायला हरकत नाही, पास झाल्याचा थोडा आनंदही झाला होता.

"मानसाचा खांदा बगावा," त्या म्हणत. "तोंड काय, कुनीबी धुतंय."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. कुणाच्या मुलीसाठी स्थळ आलं, गावात नवा ग्रामसेवक आला, टीव्हीवर पुढारी भाषण करायला उभा राहिला, मावशी आधी खांदा बघत. पुढाऱ्यांच्या बाबतीत त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. "ह्याच्या खांद्याला घट्टा न्हाई. ह्यो कदी जुवाखाली गेलाच न्हाई," असं म्हणून त्या चॅनेल बदलत.

मी मूळची माण तालुक्यातली. आमच्याकडे पाऊस पाहुण्यासारखा येतो, चहा घेऊन जातो. मावळात तो घरजावई आहे. चार महिने कपडे वाळत नाहीत, पापड मऊ पडतात, चपलेला बुरशी येते, आणि इथल्या लोकांना याचं काहीच वाटत नाही. अशा मुलखात मी येऊन पडले ती नोकरीसाठी. कामशेत आणि टाकवे बुद्रुकच्या मधल्या एका वाडीत जुन्या लष्करी विमानांचं एक छोटंसं खासगी संग्रहालय निघालं होतं, तिथे येणाऱ्यांना माहिती सांगायचं काम मला मिळालं. लोणावळ्याला आलेली माणसं धबधबा आणि चिक्की उरकली की उरलेल्या वेळात आमच्याकडे वळत. मी इतिहासात एम.ए. केलं होतं. इतिहासाचा असा उपयोग होईल असं आमच्या घरी कुणालाच वाटलं नव्हतं, मलाही नाही.

संग्रहालय चालवत होते ते साहेब. हवाई दलातून निवृत्त झालेले वैमानिक, लोणावळ्याला एका जुन्या बंगल्यात एकटेच राहायचे. बारीक मिशी, कडक इस्त्री, मोजकं बोलणं. ओळखीच्या चार निवृत्त मित्रांना जमवून त्यांनी हा उद्योग उभा केला होता. आणि ज्या जमिनीवर उभा केला होता ती जमीन मावशींची. म्हणजे मी राहत होते तेही मावशींच्याच घरी आणि नोकरीला जात होते तेही मावशींच्याच रानात. पळून जाणार कुठे?

ती जमीन कशी मिळाली ते साहेबांनीच मला एकदा सांगितलं. भात न पिकणारी, चढावरची वरकस जमीन. तिच्यावर रिसॉर्टवाल्यांचा डोळा होता. साहेब जमीन मागायला गेले तेव्हा मावशींनी एकच गोष्ट विचारली.

"ही इमानं आता उडत न्हाईत?"

"नाही. निवृत्त झालीत."

"मग जी उडत न्हाईत त्येंचं काय करत्यात?"

"बरीचशी भंगारात जातात. थोडी आम्ही सांभाळतो."

मावशींनी पदर खांद्यावरून ओढून घेतला. "आमच्या घरात ज्या बैलाच्या खांद्यावर खाल्लं त्याला कदी बाजार दावला न्हाई. म्हातारा झाला तरी दावनीलाच मरू दिला. ठिवा तुमची इमानं हितं."

अट घातली ती दोनच गोष्टींची. त्यांना स्वतःला तिकीट नाही, कारण गोठ्यात जायला कुणी तिकीट काढतं का? आणि पोळ्याच्या दिवशी संग्रहालय बंद. त्या दिवशी कुणालाही राबवायचं नाही. साहेबांना वाटलं, स्वस्तात सुटलो. मावशी काय चीज आहे हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं.

मावशींच्या घराला लागून त्यांचा गोठा होता, ऐसपैस, सागाच्या खांबांचा, वर कौलं. एके काळी त्यात चार जोड्या बांधलेल्या असत. मी गेले तेव्हा एकही जनावर नव्हतं. चिखलणीला पॉवर टिलर आला, शेवटचा बैल म्हातारपणाने गेला, आणि गोठा रिकामा झाला. तरी मावशी रोज पहाटे उठून तो झाडत. गव्हाणीतला पेंढा जुना झाला की काढून नवा टाकत. खुंट्यांना धूळ बसू देत नसत. मी एकदा न राहवून विचारलं, "मावशी, कुणासाठी एवढं?"

"जागा झाडल्याली असली की कुनीतरी येतंय," एवढंच त्या म्हणाल्या.

त्यांचा मुलगा तळेगावला कारखान्यात कामाला होता. सरळ, कष्टाळू माणूस. त्याच्या मनात होतं की गोठा पाडून तिथे पर्यटकांसाठी दोन खोल्या काढाव्यात. वाडीत बऱ्याच जणांनी काढल्या होत्या. पण विषय निघाला की मावशी म्हणायच्या, "बैल गेला म्हनून गोठा पाडतूस. म्या गेले की घर पाडशील." मग तो गप्प बसायचा आणि आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा विषय काढायचा. त्या घरात राहून मला दोघांचीही बाजू पटायची. भाडेकरूचं हे दुःख कुणी लिहीत नाही.

तर संग्रहालय. मावशी रोज दुपारची भाकरी खाऊन तिथे यायच्या आणि शेडच्या तोंडाशी एका उपड्या खोक्यावर बसायच्या. पहिल्याच महिन्यात त्यांनी सगळ्या विमानांची नावं ठेवून टाकली. पोट सुटलेलं मालवाहू विमान म्हणजे बोदल्या. अणकुचीदार तोंडाचं लढाऊ विमान म्हणजे पाखऱ्या. मी घोकून घोकून माहिती तयार करायची, इंजिन अमुक, वेग तमुक, आणि लोक माझ्यासमोरून सरकत सरकत मावशींपाशी जाऊन उभे राहायचे.

"ह्यो पाखऱ्या. लय तापट. फुडनं जाऊ नगा."

"आजी, याने शत्रूची किती विमानं पाडली?" पुण्याच्या एका गृहस्थांनी एकदा विचारलं.

"मारका व्हता म्हंजे पाडलीच असत्याल की," मावशी म्हणाल्या. "तुमी काय पाडलंय आजपतोर?"

गृहस्थ हसले, त्यांची बायको त्यांच्याहून जास्त हसली, आणि माझ्या घोकंपट्टीवर पाणी पडलं. मला तेव्हा मावशींचा भयंकर राग यायचा. आपण अभ्यास करायचा आणि टाळ्या दुसऱ्याने घ्यायच्या! मग माझ्या लक्षात आलं की लोक जाताना माझ्याकडे परत येतात आणि खरी माहिती विचारतात. मावशींनी आधी ओळख करून दिलेली असली की माणसाला पुढचं ऐकावंसं वाटतं. तेव्हापासून आमची जोडी जमली.

साहेबांशी मात्र त्यांचं एक मुकं युद्ध चालू होतं. पाखऱ्याला दृष्ट लागू नये म्हणून मावशी त्याच्या नाकाडाला बिब्बा ओवलेला काळा दोरा बांधायच्या. साहेब सकाळी येऊन तो काढून टाकायचे. दुपारी मावशी दुसरा बांधायच्या. कुणीच कुणाला काही बोलायचं नाही. असे बरेच दिवस गेले आणि एके दिवशी दोरा दिसेनासा झाला. साहेब खूश झाले. मग मला एकदा झाडताना तो चाकाच्या आतल्या बाजूला बांधलेला दिसला. साहेबांचे गुडघे दुखायचे, त्यांना तिथवर वाकता येत नसे, हे मावशींनी बरोबर हेरलं होतं. मी तोंड उघडलं नाही. पगार साहेब देत असले तरी रोजचा चहा मावशींच्या घरचा होता.

या सगळ्यात कोपऱ्यात एक बुटकं विमान होतं, ज्याच्याकडे कुणी बघत नसे. नाकावर एकच फिरता पंखा असलेलं, आखूड अंगाचं, पंखांचा सांगाडा लाकडी आणि त्यावर ताणून रंगवलेलं कापड. पोरं त्याच्यासमोर फोटोसुद्धा काढायची नाहीत. मीही दोन वाक्यांत ते उरकायचे. एकदा मावशींनी विचारलं, "ह्यानं काय केलं लढाईत?"

"काही नाही मावशी. हे लढायला गेलंच नाही. नव्या वैमानिकांना याच्यावर शिकवायचे. पुढे शिकणारा, मागे शिकवणारा."

मावशी उठल्या. त्या विमानाभोवती एक फेरी मारली. "म्हंजे खोंड शिकवायचा बैल," त्या म्हणाल्या.

आणि मग मला समजावून सांगितलं. नवा खोंड पहिल्यांदा जुवाला जुंपतात तेव्हा शेजारी जुना, शांत बैल लागतो. खोंड उधळतो, बसकण मारतो, शिंगं उगारतो. जुना बैल सगळं सोसतो आणि नांगराचं तास, म्हणजे आखलेली रेघ, सोडत नाही. खोंड तयार झाला की शर्यती तो मारतो, हलगी त्याच्यापुढे वाजते. "आन त्या जुन्याकडं कुनी बगत न्हाई. पर त्यो नसता तर ह्यो कुटं व्हता?" तोवर त्या विमानाला त्या बुटक्या म्हणत. त्या दिवसापासून त्याचं नाव मास्तर पडलं. खोकंही उचलून त्यांनी मास्तरच्या शेजारी नेलं, आणि येणाऱ्या प्रत्येकाला आधी त्याच्यापुढे उभं करायला लागल्या. "ह्यानं शिकवलं म्हनून ती समदी उडाली," हे ऐकल्याशिवाय पाखऱ्या बघायला मिळत नसे.

मागच्या वर्षी भाद्रपदात (इकडचा पोळा श्रावणात नाही, भाद्रपदाच्या अमावस्येला असतो) साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली. म्हणाले, "एक मोठं लढाऊ विमान मिळतंय. फार दिवस प्रयत्न करत होतो."

मी अभिनंदन केलं. ते काही हसले नाहीत.

"त्याला छपराखाली जागा द्यावी लागेल. इथल्या पावसात उघड्यावर टिकणार नाही. आणि शेड एवढीच आहे." ते खिडकीतून बाहेर बघत होते. "ते शिकाऊ विमान काढावं लागेल. तीन-चार ठिकाणी विचारलं मी. लढाऊ असेल तर द्या म्हणतात. उघड्यावर ठेवलं तर कापड-लाकूड एका पावसाळ्यात कुजेल. तळेगावचा एक भंगारवाला न्यायला तयार आहे."

"साहेब, तुम्ही स्वतः कशावर शिकलात?"

"याच जातीच्या विमानावर," ते म्हणाले. "म्हणून तर त्या भंगारवाल्याला सांगितलंय, इथे कापायचं नाही. आख्खं घेऊन जा, मग काय करायचं ते कर."

ट्रक कधी येणार, तर संग्रहालय बंद असतं त्या दिवशी, म्हणजे लोकांना त्रास नको. बंद कधी असतं, तर पोळ्याला. साहेब शहरी माणूस. त्यांनी बंदचा दिवस तेवढा बघितला, पोळा बघितला नाही.

हे मावशींना सांगायचं कुणी? मी दोन दिवस टाळलं. "तुमची जमीन आहे, नाही म्हणा," हे त्यांना सांगावं असं वाटत होतं, पण उत्तर मला माहीत होतं. "दिलेल्या रानात म्या नांगर घालत न्हाई," हे त्या मुलाला कितीदा तरी म्हणाल्या होत्या. आत काय ठेवायचं, काय काढायचं, हे साहेबांनी ठरवायचं, असा त्यांनी शब्द दिला होता. आणि मावशींचा शब्द म्हणजे गावात दगडावरची रेघ.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मावशी एका वाटीत लोणी आणि हळद कालवून संग्रहालयात आल्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळण असते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद-लोणी चोळायचं आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन, म्हणजे आमंत्रण, द्यायचं. घरात बैल राहिला नव्हता, पण मावशींच्या हातांना ते कुठं माहीत होतं? दरवर्षी त्या विमानांची खांदेमळण करायच्या. पंख जिथे अंगाला जोडलेला असतो तिथे बोटभर हळद-लोणी लावून तळव्याने चोळायच्या, आणि प्रत्येकाला सांगायच्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य तिथेच आणून दाखवायच्या आणि मला खायला लावायच्या. साहेब यावर डोळेझाक करत. डाग पुसायचं काम माझ्याकडे होतं.

बोदल्या झाला, पाखऱ्या झाला. त्या मास्तरपाशी आल्या तेव्हा माझ्याने राहवलं नाही.

"मावशी, याला उद्या नेणार आहेत. भंगारात."

त्यांचा हात थांबला. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. मावशींचा राग मी पाहिला होता, वाडीतली कुत्रीसुद्धा पांगायची. पण तसं झालं नाही. हळदीचा हात तसाच पंखावर टेकून उभ्या राहिल्या. डोळ्यांतून पाणी आलं ते पुसलंही नाही. मी इतकी वर्षं त्यांच्या घरात राहिले, रडताना पाहिलं ते तेवढंच.

मग त्यांनी वाटीतलं उरलेलं सगळं लोणी हातावर घेतलं. मास्तरचे दोन्ही खांदे एवढा वेळ चोळले की रंगाखालचं कापड उबदार लागायला लागलं. आणि शेवटी म्हणाल्या, "आज आवतन घे. उद्या माज्या घरी जेवायला ये."

बाकीच्यांना त्या नुसतं जेवायला या म्हणाल्या होत्या. घरी ये म्हणाल्या ते याला एकट्याला. मला ते तेव्हा उमगलं नाही. घरी जाताना त्या वाटेत चार दारांशी थांबल्या, हे तेवढं दिसलं.

पोळ्याच्या सकाळी ट्रक आला. आमच्या मेकॅनिकने मास्तरचे पंख सोडवून बाजूला गवतावर ठेवले होते, ट्रकवर चढवायला सोपं जावं म्हणून. साहेब इस्त्रीच्या कपड्यांत उभे होते आणि मास्तरकडे पाठ करून ड्रायव्हरशी बोलत होते. तेवढ्यात हलगी ऐकू आली.

गावात आता बैलांच्या चारच जोड्या उरल्यात. झुली घातलेल्या, शिंगं हिंगुळाने रंगवलेल्या. त्यांच्यामागे फुगे लावलेले ट्रॅक्टर, आणि त्यांच्यामागे अख्खी वाडी. मिरवणूक देवळाला फेरी घालून घरी जायची, ती त्या वर्षी वाट सोडून आमच्या फाटकातून आत आली. मावशी सगळ्यांत पुढे. हिरवं लुगडं, हातात आरतीचं ताट. पंख उतरवलेला मास्तर त्यांना दिसला आणि त्या जागीच थांबल्या.

"खांदं उतरिवलं व्हय रं," त्या हळूच म्हणाल्या. मग साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "साहेब, तुमच्या कारभारात म्या कदी बोलले?"

"नाही मावशी. कधीच नाही."

"आजबी बोलत न्हाई. तुमचं इमान, तुमी न्या. पर ह्याला म्या काल आवतन दिलंय. माज्या घरला जेवायचंय. जेवला की मग काय करायचं ते करा."

साहेब गांगरले. "मावशी, विमान जेवतं का?"

"आता? तुमीच त्याला तेल-पानी पाजत व्हता न्हवं? मग जेवत व्हतं की."

लोक हसले. साहेब ड्रायव्हरकडे वळले. त्यांना वाटलं तो तरी घाईला येईल. पण ड्रायव्हर होता जुन्नरकडचा. त्याने कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, "साहेब, आवतन दिलेल्याला उपाशी न्यायचं म्हंजे... आमच्यात बी न्हाई चालत. आन आज पोळा. पोटासाठी निघालो, पर चुकलंच माजं. आज मी गाडीला ओझं घालत न्हाई."

साहेबांनी पहिल्यांदा मास्तरकडे वळून बघितलं. लढाईत विमान चालवलेला माणूस, पण लुगड्यातल्या बाईपुढे त्यांना वाट सापडेना. शेवटी म्हणाले, "नेणार कसं?"

"बैल आज जू घेत न्हाईत," मावशी म्हणाल्या. "मानसांनी वढायचं."

दोर आधीच आणलेला होता. मावशींचा मुलगा पहिला पुढे झाला. "आई, जेवण झाल्यावर ठेवायचं कुठं?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"गोठ्यात. मग काय तुजी मोटरसायकल ठिवू तितं?"

त्याने एकदा आईकडे बघितलं. मग दोर खांद्यावर घेतला. मास्तर स्वतःच्या चाकांवर हलला. पंख उचलायला पोरं धावली तसे साहेब ओरडले, "थांबा! तिथे धरू नका, कापड फाटेल!" आणि अचानक त्यांचा आवाज बदलला. आम्हाला माहीत असलेला मोजकं बोलणारा माणूस कुठल्या कुठे गेला. कुणी कुठे उभं राहायचं, कुठे हात लावायचा, वळणावर कोणी थांबायचं, सगळ्या वाडीला त्यांनी रांगेत लावलं. आणि एका पंखाचं टोक कुणाच्याच हाती द्यायला त्यांचं मन धजेना, म्हणून ते स्वतःच खांद्यावर घेतलं. दोन्हीकडे निसवलेलं, लोंबी धरलेलं भात, मधून चिखलाची वाट, पुढे हलगी, मग बैल, मग मास्तर, आणि त्याच्यामागे पंख वाहणारी माणसं. मी आयुष्यात पुष्कळ मिरवणुका पाहिल्यात, दिव्यांच्या, डीजेच्या. एवढं छान मला कुठेच वाटलं नाही.

अंगणात मावशींनी मास्तरच्या चाकांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. गोठ्याचं दार सताड उघडं होतं. आत पेंढा ताजा होता. मास्तर आत गेला, पंख भिंतींना टेकवून उभे केले, आणि गव्हाणीपुढे पुरणपोळीचं पान मांडलं गेलं. थोड्या वेळाने ड्रायव्हर पोळी खाऊन तृप्त होऊन उठला आणि विचारू लागला, "मग मावशी, आता?"

"जेवल्याला बैल जरा बसतोय. बसल्याल्याला उटवायचं न्हाई," मावशी म्हणाल्या. "तुमी जावा लेकरा. घरी तुमचीबी पोळ्या करून वाट बगत असत्याल."

ड्रायव्हरने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली. ट्रक रिकामा गेला.

मास्तर अजून त्याच गोठ्यात आहे. पुढे साहेबांनीच मेकॅनिक आणून त्याचा एक पंख जोडून घेतला, दुसऱ्याला भिंत आड आली. आसपासच्या शाळांची पोरं येतात, आणि मावशी त्यांना पाय धुतल्याशिवाय आत सोडत नाहीत. मुलाने खोल्यांचा विषय काढलेला नाही. मी आता तळेगावला राहते, दुसरी नोकरी करते, आणि सुट्टीला तिकडे जाऊन येते. पण मला सांगायचं आहे ते त्या दुपारचं.

सगळी माणसं पांगली होती. साहेब, मी, मावशी आणि त्यांचा मुलगा, आम्ही गोठ्यातच जेवायला बसलो. पाहुणा जिथे जेवतो तिथेच घरच्यांनी जेवायचं, असं मावशींचं म्हणणं. साहेबांना खाली बसता येईना म्हणून मावशींनी त्यांना गव्हाणीच्या कट्ट्यावर बसवलं. शर्टाच्या खांद्यावर पंखाचा रंग लागला होता, बूट चिखलाने भरले होते. ते बूट त्यांनी दाराबाहेर काढले होते आणि पायमोज्यांवर बसले होते. जेवता जेवता त्यांची नजर सारखी मास्तरच्या पुढच्या, शिकणाऱ्याच्या बैठकीवर जात होती.

"मावशी," ते एकदम म्हणाले, "हे आता परत यायचं नाही, असंच ना?"

"न्या की. म्या कुटं दावं बांदलंय?"

साहेब हसले. मी त्यांना असं मोकळं हसताना पहिल्यांदाच बघत होते. मावशींनी त्यांच्या पानात तूप सोडलं.

"साहेब, तुमाला रिटायर हून किती दिस झालं?"

"बरीच वर्षं झाली."

"घरी कोन?"

"कोणी नाही. मुलगी परदेशात असते."

"मग जेवन?"

"डबा येतो," साहेब म्हणाले आणि पोळी मोडायला लागले. मग ते पानाकडे बघतच म्हणाले, "रविवारी याला बघायला आलो तर चालेल का? आधी फोन करून येईन."

मावशींनी अजून एक पोळी उचलली.

"फोन कशाला? आवतन पावन्याला देत्यात. घरच्याला कोन देतंय?"

साहेबांनी पान पुढे केलं.